मामींच्या खोलीच्या खिडक्या

फाल्गुनात लाकूड बोलतं. थंडी सरते, हवा कोरडी पडू लागते, आणि घरात जिथं कुठं लाकूड असेल तिथून भर दुपारी 'कट्' असा आवाज येतो. आमच्या केडगावच्या घरात आता लाकूड उरलंय कुठं? मुलानं खिडक्या अॅल्युमिनियमच्या बसवल्या. त्या रुळावरून सरकतात, कडेला रबर असतं, त्यांना ना फटी बुजवायची लांबी लागते ना रंग. राहिला एक देव्हारा. परवा जेवून आडवा झालो होतो, तर त्या देव्हाऱ्यातून तो आवाज आला. सून आतून म्हणाली, "पप्पा, काय पडलं?"

"काही नाही गं. लाकूड आटतंय."

ती पुन्हा कामाला लागली. मला मात्र झोप आली नाही. त्या एवढ्याशा आवाजासरशी राहुरीचं आमचं पहिलं घर समोर आलं, त्याच्या खिडक्या आल्या, आणि खिडकीपाशी बाजेवर डोळ्यांना पट्टी बांधून उताणी निजलेली माझी सासू आली. बहात्तरचा दुष्काळ पडला, त्यानंतरचा तो फाल्गुन. त्या फाल्गुनाची एक गोष्ट आमच्या नात्यागोत्यात सांगितली जाते आणि त्या गोष्टीत मी फार चांगला माणूस आहे. गेल्या वर्षी शाली, माझी बायको, गेली. तिच्या दहाव्याला सगळे जमले होते. तिथंही तिच्या भावाच्या मुलानं ती गोष्ट काढलीच. "आमच्या आजीचा डोळा या मामांनी वाचवला," तो म्हणाला. मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही.

आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

राहुरीच्या बाहेर माळावर दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा मी पंचविशीतला होतो. साखर कारखान्यात टाइमकीपर होतो, लग्न नवं होतं, आणि मला प्रत्येक गोष्टीची घाई होती. सुतार म्हणाला होता, "साहेब, ही बाभूळ ओली हाय. वरीसभर पडू द्या, मंग चौकटी करू." वर्षभर? मला अक्षय तृतीयेला घरात राहायला जायचं होतं. ओल्या बाभळीच्या चौकटी झाल्या, निंबाच्या झडपा झाल्या, झडपांच्या वरच्या अर्ध्या भागात काचा बसल्या. पहिल्या पावसाळ्यात त्या खिडक्या अशा फुगल्या की लावताना खांदा द्यावा लागे. मला वाटलं, वा, काय घट्ट काम झालंय! पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही. मग लाकडानं आपलं खरं माप दाखवायला सुरुवात केली. चौकट भिंतीपासून सुटली, झडप चौकटीपासून सुटली, काच झडपेपासून सुटली. काही ठिकाणी करंगळी जाईल एवढी फट. वारा सुटला की सगळं घर शिट्ट्या मारायचं.

आणि तो वारा! पिकं नव्हती, गवत नव्हतं, मातीला धरून ठेवायला काहीच नव्हतं. वावरंच्या वावरं जागा सोडून निघाली होती. दुपारी आभाळ तांबूस व्हायचं आणि सूर्याकडं डोळे न दिपता बघता यायचं. एकदा कारखान्यातून सायकलवर येताना मी मधेच उतरून उभा राहिलो. समोरून मातीची एक भिंत चालत येत होती, तिच्या पायथ्याशी एक गाय शांतपणे उभी होती, आणि बघता बघता ती गाय त्या भिंतीत शिरली. भीती वाटायला हवी होती. मला वाटलं ते वेगळंच. एवढं मोठं काहीतरी इतक्या गुपचूप चालू शकतं, याचं नवल वाटत राहिलं. घरी मात्र त्याच मातीनं जीव नकोसा केला होता. घडी घातलेल्या लुगड्यांच्या घडीत माती, झाकलेल्या पिठात माती, बोलताना दातांखाली कचकच.

अशा वेळी मामी आमच्याकडं आल्या.

सासूला आमच्यात मामी म्हणतात. त्यांचं गाव पाथर्डीकडचं, कोरडवाहू. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचा एक डोळा गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. नगरला डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथं ऑपरेशन झालं. त्या काळी मोतीबिंदू काढला की माणसाला आठवडे न् आठवडे ओंडक्यासारखं निजवून ठेवत. शिबिरातून सोडताना डॉक्टरांनी शालीला समोर उभं करून बजावलं, "हलायचं नाही. वाकायचं नाही. चावायचं नाही, पातळ द्या. धूळ लागू द्यायची नाही. आणि खोकला, शिंक अजिबात नको. एक जोराचा खोकला आला तर आतला टाका तुटेल. एकच डोळा आहे, लक्षात ठेवा."

गावाकडं दोन्ही मुलगे सुना दुष्काळी कामावर खडी फोडत होते, घरात पाण्याचा थेंब नव्हता. म्हणून मामींना लेकीच्या घरी आणलं. पण त्यांच्या रीतीत लेकीच्या घरी तिला मूल होईपर्यंत अन्नपाणी घेत नाहीत, आणि आम्हाला अजून मूल नव्हतं. मामींनी गावाहून निघतानाच त्याची तजवीज केली होती. गाठोड्यात रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीचं पीठ बांधून आणलं होतं. त्या पिठाची पेज करून शालीनं त्यांना पाजायची. आमच्या डब्यात चांगली बाजरी होती, पण नाही. पाण्याचा प्रश्न आला तेव्हा शाली रडकुंडीला आली.

"आई, आता पानी कुठनं आनू गं तुझ्या गावचं?"

मामी पट्टीआडून म्हणाल्या, "तुमच्याकडं टँकर येतोय ना? मंग ते सरकारचं पानी हाय. ते चालतंय."

दुसरी रीत जावयाशी बोलण्याची. मामी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसत आणि माझ्याशी थेट एक शब्दही बोलत नसत. जे सांगायचं ते शालीमार्फत. मी बाजेशेजारी उभा असलो तरी, "शाले, त्यास्नी म्हनावं, जेवून घ्या." शाली घरात नसली तर मग भिंतीला सांगायच्या. "भिंती गं, कोनी आलंय वाटतं दाराशी." भिंतीला सांगितलेलं मी ऐकायचो आणि दार उघडायचो. आठ-दहा दिवस एकाच घरात असं चाललं होतं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

त्या येण्याआधीच मी खिडक्यांच्या मागे लागलो होतो. ऊस नव्हता, कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला होता, हाताशी वेळ होता. फटी बुजवायला लांबी लागते. खडूची पूड आणि जवसाचं तेल पुरणपोळीच्या कणकेसारखं मळायचं, तो गोळा पत्तीनं फटीत दाबून भरायचा, वाळला की वरून रंग द्यायचा. ऐकायला सोपं. हार्डवेअरच्या दुकानातले बाबूभाई म्हणाले, "साहेब, जवसाचं तेल? अहो जवस पेरायला कुनाकडं नाही, तुम्ही खिडकीला पाजायला निघाले!" मग मी घरातल्या करडईच्या तेलात लांबी मळली.

लांबी ज्यानं स्वतः भरली नाही त्याला तिचा स्वभाव कळायचा नाही. घट्ट मळली तर भुगा होऊन पडते, सैल मळली तर ओघळते. फटीत राहत नाही आणि बोटाला सोडत नाही. पत्तीनं एक टोक दाबावं तर दुसरं टोक वर येतं. मी गुडघ्यावर बसून, स्टुलावर चढून, मान मोडेपर्यंत त्या चार खिडक्या भरल्या. संध्याकाळी लांबून बघितलं तर छान दिसत होतं. सकाळी उठून बघतो तर जागोजागी भगदाडं. खाली भुगासुद्धा नाही. पुन्हा भरली. पुन्हा तेच. मी सुताराला शिव्या घातल्या, बाभळीला घातल्या, शेवटी शालीला म्हणालो, "तू झाडताना झाडू मारतेस का गं चौकटीला?"

"मला तेवढाच धंदा हाये ना!" ती म्हणाली. "तुमचीच लांबी आखूड पडत आसंल."

मामी आल्यावर या लढाईला एक वेगळंच वळण लागलं. त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना शालीनं मुळा नदीच्या वाळूनं भरलेल्या दोन पिशव्या ठेवल्या होत्या, डोकं हलू नये म्हणून. अशा त्या दिवसभर उताण्या. डोळ्यांपुढं अंधार. पण वारा सुटला की त्या पडल्यापडल्या घर वाचायच्या. "शाले, त्यास्नी म्हनावं, दाराच्या अंगाच्या खिडकीला वरच्या कोपऱ्यात बारीक शिट्टी वाजती." मी जाऊन बघायचो. केसाएवढी फट. मी दिवसाउजेडी, डोळे फाडून, बोट फिरवून शोधली तरी न सापडलेली. "आता ती मोठी झाली. आता खालच्या अंगाला सूं करती, तिथं काचंची फट असंल." असायचीच. मी लांबीचा गोळा हातात घेऊन त्या आवाजांच्या मागं फिरायचो. वारा प्रत्येक फटीत वेगळा वाजतो हे मला तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं मी वाऱ्याचा एकच आवाज ऐकत आलो होतो.

एका सकाळी त्या म्हणाल्या, "शाले, त्यास्नी म्हनावं, शिव्या देऊ नका सुताराला. चिमन्या खात्यात."

"काय खातात?" मीच विचारलं.

मामी भिंतीमार्फत बोलल्या. "भिंती गं, तांबडं फुटायच्या टायमाला येत्यात. टक् टक् टक् टक् करत्यात. लई जनी हायत. तेलाचा वास हाय ना त्याला."

दुसऱ्या दिवशी पहाटेचा उजेड होताच मी बाहेरून कोपऱ्याआड उभा राहिलो. आणि खरंच. खिडकीच्या चौकटीवर चिमण्यांची रांग बसली होती. पिसं झडलेल्या, छातीचं हाड दिसणाऱ्या. प्रत्येक चिमणी फटीत चोच घालून करडईच्या तेलात मळलेला खडू उकरून काढत होती. एक खारही होती, ती दोन पायांवर बसून माझी लांबी दोन हातांत धरून भाकरीसारखी खात होती. माळावर दाणा नव्हता, किडा नव्हता, झाडाला पान नव्हतं. माझ्या खिडकीत तेल होतं. मी हाकलायला हात उचलला होता तो तसाच राहिला. किती वेळ उभा होतो सांगता यायचं नाही. एवढ्या दिवसांची माझी चिडचीड, शिव्या, दुखरी मान, सगळं त्या टकटकीपुढं अगदी लहान झालं.

आत येऊन सांगितलं तर मामी म्हणाल्या, "खाऊ द्या म्हनावं. त्यांच्या पोटात तरी ऱ्हाईल." आपल्या डोळ्यासाठी भरलेली लांबी! हे बोलताना त्या हसत होत्या. डोकं न हलवता, फक्त ओठांनी.

पण मी तिथं थांबलो नाही. थांबणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी लांबी नव्यानं भरली आणि ठरवलं की दुसऱ्या पहाटेच्या आत तिच्यावर ऑईलपेंट चढवायचा. रंगाखालची लांबी चिमणी खाणार नाही. बाबूभाईंनी हिरव्या रंगाचा डबा काढून दिला. "घ्या, रान तर वाळलं, निदान खिडकी तरी हिरवी दिसू द्या." रंग उन्हानं दाट झाला होता, मी त्यात टर्पेंटाइन सढळ हातानं ओतलं.

दुपारी शाली टँकरच्या रांगेत गेली. मी बाहेरून रंग दिला, मग आतून द्यायला मामींच्या खोलीत आलो; चारही खिडक्या त्याच खोलीला होत्या. खिडक्या बंद ठेवल्या. इथं मला खरं लिहायला हवं. त्या बंद ठेवल्या त्या मामींना धूळ लागू नये म्हणून, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तेही होतं. पण मुख्य कारण वेगळं होतं. ओल्या रंगावर धूळ बसली की काम खराब होतं. मला माझा रंग गुळगुळीत हवा होता.

रंग देणं हे लांबीसारखं नसतं, त्यात माणूस रमतो. ब्रश नीट चालू लागला की हाताला एक लय येते. मधेच ब्रशचा केस सुटून रंगात अडकायचा, तो नखानं उचलायचा. कुठं ओघळ यायचा, तो परत वर न्यायचा. बाभळीच्या त्या उकललेल्या, हट्टी चौकटी एका अंगानं हिरव्यागार होत चालल्या होत्या आणि मी खूश होतो. तीन खिडक्या झाल्या. चौथीला हात घातला तेव्हा सहज मागं वळून पाहिलं.

मामींचे पाय दिसले. बोटं आतल्या बाजूला घट्ट वळलेली. पोटऱ्या थरथरत होत्या. दोन्ही हातांनी बाजेचा काथ्या धरला होता, इतका घट्ट की दोरी आत रुतली होती. तोंडात पदराचा बोळा. मानेच्या शिरा तटतटलेल्या. छाती आत ओढली जात होती आणि तिथंच थांबत होती, पुन्हा ओढली जात होती, पुन्हा थांबत होती. आणि एवढं सगळं होत असताना वाळूच्या दोन पिशव्यांमधलं डोकं तसूभर हलत नव्हतं. खांद्याखालचं शरीर पिळवटून निघत होतं आणि खांद्यावरचं जणू दुसऱ्याच कुणाचं असावं तसं स्थिर होतं.

मी विचारलं, "मामी, काय होतंय?"

त्यांनी काथ्यावरचा एक हात सोडला आणि हलवला. काही नाही, असा.

जावयाशी बोलत नाहीत त्या, म्हणून हात हलवला, असं मी समजलो. दुखत असेल थोडं. मी वळलो आणि चौथी चौकट पूर्ण केली.

हेच ते. त्या गोष्टीत हे नाही. मी पाहिलं, मी विचारलं आणि मी परत ब्रश बुडवला. त्या वासानं माझेही डोळे चुरचुरत होते, आणि तरी तो वास त्यांच्या छातीत काय करत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी त्याला म्हणालो असेन, एवढी चौकट होऊ दे. इतक्या वर्षांनंतर मला या दोन्हींमधलं कुठलं खरं ते सांगता येत नाही आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

शेवटचा हात फिरवत होतो तेव्हा शाली दारात आली. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. उंबऱ्यातच तिला वास आला.

"आगं आई गं! अहो खिडक्या उघडा! आईला खोकला येईल, खिडक्या उघडा आधी!"

मी धडाधड झडपा उघडल्या. हातांना हिरवा रंग लागला, बोटांचे ठसे सगळीकडं. बाहेर वारा होताच. मातीचा लोट आत आला आणि ओल्या रंगाला चिकटला. शालीनं अंगावरचा पदर सोडवून आईच्या तोंडावर धरला. आम्ही दोघांनी बाज उचलली, मामींसकट, वाळूच्या पिशव्यांसकट, आणि दुसऱ्या खोलीतून पलीकडच्या ओट्यावर नेली, जिथं वारा लागत नव्हता. शाली रडत होती. "आई, खोकू नको गं, खोकू नको."

मामींनी तोंडातला बोळा काढला नाही. नाकानं एक श्वास घेतला. मग दुसरा, जरा मोठा. पायाची बोटं एकेक करून सुटली. थरथर गुडघ्यापाशी आली, मग घोट्यापाशी, मग गेली. वावटळ लांब जाताना दिसते तशी ती त्यांच्या अंगातून जाताना मी पाहिली. तो खोकला शेवटपर्यंत आला नाही. कुठं गेला तो? आमच्यापासून थोड्याच अंतरावर मुळेचं मोठं धरण उभं होतं आणि त्या वर्षी त्याला अडवायला पाणी नव्हतं. तरी माणसं ते बघायला जायची, केवढं काम म्हणून तोंडात बोट घालायची. मी त्या दुपारी जे अडवलेलं पाहिलं त्यापुढं मला पुढं कधी कशाचं तेवढं नवल वाटलं नाही.

मग मामींनी बोळा काढला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलल्या.

"जावईबापू, पानी."

मी शालीच्या कळशीतलं पाणी चमच्यानं पाजलं.

टाके काढायला नगरला नेलं तेव्हा मी खोलीत होतो. पट्टी सुटेपर्यंत शालीनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. डॉक्टर वाकले, बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "टाका जागच्या जागी आहे. छान! आजी, बोटं किती?"

"तीन. आन त्यात आंगठी हाय."

डॉक्टर हसले. "या धुळीत, माळावरच्या घरात, कसं काय सांभाळलंत?"

मामी म्हणाल्या, "जावयांनी केलं. लांबी भरली, रंग दिला, खिडक्या बंद केल्या."

प्रत्येक शब्द खरा होता. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शालीनं माझ्याकडं पाहिलं. तिला वास माहीत होता, पण तिच्या लेखी ती माझी भाबडी चूक होती, आणि आई म्हणते तर असू दे, असं तिच्या डोळ्यांत होतं. मी विचारलं आणि तरी थांबलो नाही, हे तिला माहीत नव्हतं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी डॉक्टरांना नमस्कार केला.

पुढं जाड भिंगाचा चष्मा आला. मामींनी आमच्या घरात बसून पहिल्यांदा खिडक्या पाहिल्या. धूळ चिकटून रंग खरबरीत झाला होता, त्यात माझ्या बोटांचे ठसे. त्यांनी हात फिरवला आणि खो खो हसल्या. "शाले, तुझ्या खिडक्यांना गोवर आलाय गं!"

गोष्ट मात्र वाढत गेली. लग्नकार्यात मला पुढं बसवून सांगितली जायची. कुणी त्यात ओली पोती घातली, कुणी म्हणालं मी रात्रंदिवस पंखा घेऊन बसलो होतो. जावई असावा तर असा. मी चहाचा कप हातात घेऊन हसायचो. सुरुवातीला म्हणायचो, "छे, मी काय केलं?" त्यानं तर माझा मोठेपणा वाढतच गेला. मग तेही म्हणणं सोडून दिलं.

बऱ्याच वर्षांनी एकदा मामींना एकटं गाठलं. आम्हाला मुलं झाली होती, मामी आता माझ्याशी सरळ बोलायच्या. त्या त्यांच्या घराच्या ओसरीवर गोधडी शिवत होत्या. त्या एका डोळ्यावर त्यांनी नातवंडांच्या किती गोधड्या शिवल्या याची गणतीच नाही. दोरा ओवायलासुद्धा कुणाला हाक मारत नसत.

मी म्हणालो, "मामी, त्या दिवशी तुम्हाला त्रास होत होता. मी विचारलं तर हात हलवलात. मला सांगायचं होतं ना. जावयाशी बोलायचं नाही म्हणून एवढं सोसायचं का?"

त्यांनी सुई थांबवली. भिंगातून तो मोठा झालेला डोळा माझ्याकडं बघत होता.

"जावयाचं काय न्हाई वो त्यात. बोलायला तोंड उघडावं लागतंय. तोंड उघडलं आसतं तर खोकला आला आसता." मग म्हणाल्या, "मी हात कशाला हालवला? खिडकी उघडा म्हनून."



"मी आयकत हुते," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, जुनी हकिकत सांगावी तसं. "तुमचा बुरुस थांबला. तुमी इचारलं. मला वाटलं, आता उघडत्याल. मंग बुरुस परत चालू झाला. शेवटची चौकट हुती ना ती?"

"हो."

"मधी सोडली आसती तर काय झालं आसतं?"

खोटं बोलायला ती वेळ नव्हती. मी म्हणालो, "रंग वाळतो. मग पुन्हा द्यायला घेतला की जोड दिसतो."

मामींनी त्यावर खरोखर विचार केला. धंद्यातली अडचण कुणी सांगावी आणि ती समजून घ्यावी, तसा. मान हलवली.

"मंग बराबर हाय. तुमाला जोड दिसू द्यायचा न्हवता, मला खोकू द्यायचं न्हवतं. दोघं बी आपापल्या कामात हुतो." आणि त्या हसल्या. मोठ्यानं, पोट धरून, डोकं मागं टाकून.

त्यांच्याबरोबर मीही हसलो. त्यांना तो हिशेब तसा मांडायचा अधिकार होता. मी त्यात सामील व्हायला नको होतं. कारण मधेच सोडली असती तर काय झालं असतं? राहुरीच्या माळावरच्या एका घरात, एका खिडकीच्या चौकटीवर, हिरव्या रंगात एक जोड दिसला असता.